कार्टूनमधलं अस्वल म्हणतं डिसेंबरात थंडी, कांगारू म्हणतं उन्हाळा. मुलाला काय सांगू, कोण बरोबर?

दोघंही बरोबर. अस्वल राहतं उत्तर गोलार्धात, कांगारू ऑस्ट्रेलियात, म्हणजे दक्षिणेला. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंश कललेला आहे. डिसेंबरात उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो, त्यामुळे तिथे किरणं तिरपी पडतात आणि दिवसही लहान. त्याच वेळी दक्षिणेत सूर्य उंच चढतो. सिडनीत नाताळ भर उन्हाळ्यात येतो.

मूल हमखास म्हणेल, "सूर्य लांब गेला म्हणून थंडी." पण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी! समजवायचं तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीवर सरळ मारा, मग तिरका. तोच उजेड जास्त जागेत पसरतो आणि फिका पडतो.

पावसाळ्याचं विचारलंच, तर एवढं सांगा की उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरून ओलसर वारे आत येतात. अशा कार्टूनांत बहुतेक वेळा बर्फ आणि पानगळच असते, पावसाळा कुणी दाखवत नाही.