आधी कुंपण, मग गाव

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक निरोप आणि त्यासोबतची वाडीची छायाचित्रे मिळाली. दसऱ्याला नागपूरची खोली सोडून तू घरी आलीस, वडिलांनी घरामागची सांदवाडी तुझ्या हवाली केली, आणि आता हलके, म्हणजे लवकर येणारे, धान कापून झाले, उशिराचे भारी धान पिवळे पडू लागले, तरी निम्मी वाडी तशीच पडून आहे, असे तू लिहितेस. आधी काय करावे हे तुला कळत नाही, आणि त्याहून अधिक त्रास तुला या विचाराचा होतो की वाडीची कामे संपल्यावर परीक्षेपर्यंतचे दिवस या गावात काढायचे कसे, कारण येथले सगळे तुझे पाहून झाले आहे. त्यावर उपाय म्हणून तू चार दिवस पचमढीला जाण्याचा बेत मांडला आहेस. तुझ्या दोन्ही अडचणींना माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तुला रुचणार नाही. काम कडेपर्यंत ने. वाडीतही कडेपर्यंत आणि गावातही कडेपर्यंत.

छायाचित्रे मी नीट पाहिली. प्रत्येकात मधले वाफे स्वच्छ आहेत, मेथी रांगेत उगवली आहे, आणि प्रत्येकाच्या काठाला कमरेएवढा तरोटा व त्यामागे फुलांवर आलेले गाजरगवत उभे आहे. तुझ्या यादीत सतरा कामे आहेत. त्यांपैकी बहुतेक सुरू झालेली आहेत आणि पूर्ण झालेले एकही नाही. याला मी मेहनत म्हणत नाही. मधला भाग कोणीही साफ करतो, कारण तो घराच्या मागच्या दारातून दिसतो. वाडी कोणाच्या ताब्यात आहे हे तिच्या चार कोपऱ्यांवरून कळते.

सर्वांत आधी कुंपण. भारी धानाची कापणी आटोपली की ज्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, उतेऱ्याची (उभ्या धानातच फेकून पेरलेली) लाखोळी नाही त्यांत गावाची गुरे राखणीशिवाय सुटतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही नाल्याकडच्या कोपऱ्यातले खिंडार उघडे ठेवून तू आत लसणाचे वाफे आखत बसलीस, याचे मला आश्चर्य वाटते. कुजलेले बांबू काढ, नवे ठोक, बोराटीचे काटे दाबून बसव आणि मगच खुरप्याला हात लाव. आणि एक पाहा, ते खिंडार त्याच कोपऱ्यात दरवर्षी का पडते, याचा विचार तू केला आहेस का? वाडीचा उतार तिकडे आहे. पावसाचे सगळे पाणी तेथूनच बाहेर पडते, बांबूंची बुडे तेथेच कुजतात आणि माती तेथूनच वाहून जाते. म्हणून केवळ काटे टाकून भागणार नाही. पाण्याला दगड लावून वाट करून दे आणि कुंपण त्या दगडांवरून ने. हा कोपरा लक्षात ठेव, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

तण बी गळण्यापूर्वीच निघाले पाहिजे. तरोट्याच्या शेंगा आता तडकण्याच्या बेतात असतील, आणि गाजरगवताच्या एका झाडापासून हजारो बिया पडतात, त्यामुळे या महिन्यात टाळलेले एका सकाळचे काम पुढच्या पावसाळ्यात अनेक दिवस खाते. गाजरगवत उघड्या हातांनी उपटू नकोस, त्याने अंगाला खाज सुटते. आणि फुलांवर आलेले झाड खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नकोस.

लिंबाच्या झाडांवरची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, अजून तशीच आहे, हे मला तुझ्या छायाचित्रातही दिसले. ती हिरव्या भागापर्यंत मागे येऊन छाटायची असते, आणि त्यानंतर खोडाला बोर्डो मलम लावायचे असते, कारण पावसाळाभर ओल्या राहिलेल्या बुंध्याला डिंक्या रोग धरतो. मलमाचे प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी असे आहे; तुझ्या मोजक्या झाडांना मिळून मोरचूद व चुना प्रत्येकी 100 ग्रॅम आणि 1 लिटर पाणी पुरेसे होईल. मोरचूद प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजव, लोखंडी बादलीत नव्हे. चुना वेगळा विझव, दोन्ही थंड झाल्यावर ढवळत एकत्र कर, आणि स्वच्छ घासलेली लोखंडी सुरी त्यात बुडवून पाहा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घाल. मलम त्याच दिवशी संपले पाहिजे. ते जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सभोवार लाव, म्हणजे भिंतीकडच्या बाजूनेही, जिथे हात पोहोचत नाही आणि कोणी पाहत नाही.

लसूण, पालक आणि सांभाराच्या धण्यांविषयी फार लिहीत नाही, ते तुला आईकडून कळेल. पाकळीचे टोक वर ठेवायचे आणि धणे रगडून दोन फाका करून पेरायचे, एवढे पुरे. वालाच्या वेलाचा मांडव मात्र याच आठवड्यात बळकट कर. वाल दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतो, आणि थंडीत शेंगांचे वजन आले की ढिला मांडव एका रात्रीत खाली येतो. हळदीची पाने पिवळी पडेपर्यंत तिला हात लावू नकोस. दोडक्याच्या आणि लौकीच्या वेलावर एकेक फळ बियाण्यासाठी वाळू दे. बी राखेत घोळून ठेव.

थंडीला आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण उन्हाळ्याच्या कहाण्या सांगण्यातच आपला वेळ जातो. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री पपईची कोवळी रोपे काळी पडतात. त्यांच्याभोवती धानाचे तणस उभे कर, वरून झाक, पूर्वेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेव, आणि कडाक्याच्या संध्याकाळी हलके पाणी दे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते, कोरडी जमीन तसे करत नाही. हेही शेवटच्या रोपापर्यंत झाले पाहिजे. कुंपणाजवळचे रोप अर्धवट झाकले जाते आणि मरते तेही तेच.

तू म्हणशील, आत्या एवढी कडक का बोलते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना मी जिथे जिथे गेले तिथे शाळेमागे परसबाग सुरू केली, आणि बदलीचा आदेश आला की वाफे पुढच्या शिक्षकाच्या भरवशावर सोडून निघाले. त्या गावांची नावे मला आजही क्रमाने सांगता येतात. पण बसथांब्यापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यापलीकडे त्या गावांत काय होते, असे कोणी विचारले तर मी गप्प बसेन. बदल्या माझ्या हातात नव्हत्या. मुले लहान होती, परतीची बस पाचची होती, आणि ती चुकली तर घरी चूल पेटत नसे. हे सगळे खरे आहे आणि मी ते कोणासमोरही मांडीन. तरीही शाळेमागचा तलाव कोणत्या नाल्याने भरतो, हे मी तेथल्या मुलांना कधी विचारले नाही, आणि मुलांना ते नक्की ठाऊक होते. सेवानिवृत्त झाल्यावर मी एकच वाडी धरली आणि ती कडेपर्यंत केली, यामागे ही बोचणी आहे, असे समज.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. गावाचे सगळे पाहून झाले, असे तू लिहितेस. तू काय पाहिलेस? घर, शाळा, किराणा दुकान, मंदिर आणि बसथांबा. तो गावाचा मधला भाग झाला.

नाल्याकडच्या त्या कोपऱ्यात जा, जिथे तू दगड लावले असतील. तेथून बाहेर पडणारे पाणी पुढे कुठे जाते, हे पायी चालत पाहा. रोज संध्याकाळी एक टप्पा घे आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलीस तेथूनच पुढे नीघ. पाणी पांदणीच्या कडेने बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाईल, बोडीतून तलावात, आणि तलाव भरला की सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पडून पुढच्या गावाच्या तलावाकडे निघेल. आपल्या पूर्व विदर्भात तलाव एकेकटे नाहीत. वरच्याचे सांडलेले पाणी खालच्याने धरावे, अशी ती मांडणी आहे, आणि ती कागदावर शिकलेल्या अभियंत्यांनी केलेली नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव ऊस आणि धानासाठी बांधले. नवेगाव बांधाचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, नाहीशी करणारा कायदा 1950 साली झाला, तलाव सरकारकडे गेले, आणि तेव्हापासून आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, म्हणतो. स्पर्धा परीक्षेसाठी तू हे दोन ओळींत पाठ केले असशील. आता त्या तलावाच्या पाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाल, मध्येच खाली उतरू नकोस. पाळ कुठे रुंद आहे, बेशरमाच्या झुडपांनी कुठे कब्जा केला आहे, पाणी सोडण्याच्या तुडुमाजवळ कोणाची बांधी आहे, हे पाहा. टोपल्या घेऊन शिंगाडे काढणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बाया भेटतील; त्यांना विचार की यंदा गाळ कुठे वाढला, आणि विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत उभी राहा. थंडीत नदीकाठी चक्रवाक उतरतात, तलावाच्या ओल्या काठाने धोबी शेपटी हलवत फिरतो. पण पक्ष्यांसाठी जाऊ नकोस, पाण्यामागे जा. पक्षी वाटेत आपोआप दिसतात.

आणि हे पाणी शेवटी वैनगंगेला मिळते, तेव्हा पवनीलाही जा. पवनीला तू बस बदलायला आणि बाजाराला शेकडो वेळा गेली असशील. ज्या मातीच्या उंच तटावरून लोक ये-जा करतात तो प्राचीन नगराचा तट आहे. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झाले आणि तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी अक्षरे कोरलेले शिल्पित दगड सापडले. तू सांचीची माहिती तोंडपाठ म्हणून दाखवतेस, आणि घरापासून बसने तासाभरावर असलेली ही टेकडी तू चढलेली नाहीस, हे मला सहन होत नाही. पचमढी कुठे पळून जात नाही. पण वाडी अर्धी आणि गाव अर्धे सोडून तू पचमढीला गेलीस, तर तिकडूनही मधल्या भागाचीच छायाचित्रे घेऊन येशील.

माझ्या हट्टाविषयी गावात काय बोलले जाते, ते तुझ्याही कानावर आले असेल. रस्त्याकडची वाडी प्लॉट पाडून विकली असती तर मुलांना शहरात घर घेता आले असते, पेन्शन असलेल्या बाईने चिखलात वाकून काय मिळवले, असे माझे स्वतःचे भाऊ म्हणतात. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. मला एवढेच कळते की वाडीची नाल्याकडची कड बुजवून तेथे भिंत उभी राहिली असती, तर खालच्या बोडीत पाणी गेले नसते, आणि त्या बोडीवर माझ्याखेरीज इतर चार घरांचा धान उभा असतो. हे मी भावांना पुराव्यानिशी सांगू शकले, कारण मी ते पाणी चालत जाऊन पाहिले होते. मी हट्टी आहे, हे मान्य. पण माझ्या हट्टाला आधार आहे, आणि तुला मी तो शिकवू पाहते आहे.

चालून झाल्यावर एक काम उरेल. तलाठ्याकडे जाऊन गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहायला माग. ही दोन कागदपत्रे राज्यात केवळ आपल्या विदर्भात आहेत. 1966 च्या जमीन महसूल संहितेतही त्यांची तरतूद ठेवलेली आहे. गुरे कुठे चरावीत आणि सरपण कुठून आणावे हे एकात, तर वाट, ओलिताचे पाणी आणि मासेमारी यांचे गावाचे रिवाज दुसऱ्यात नोंदलेले असतात. तू पायाने पाहिलेली वाट त्यात आहे की नाही, हे ताडून पाहा. बहुधा तुला उद्या या म्हणतील. उद्या जा. अर्ज लेखी दे, पोच घे, प्रत मिळेपर्यंत जात राहा, आणि मिळाली की तिची एक झेरॉक्स मलाही पाठव.

लसणाच्या टपोऱ्या पाकळ्या निवडून ठेवल्या आहेत. रविवारी भावाला पाठव. मात्र कुंपण झाले नसेल तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवीन.

तुझी,
आत्या