तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी पहिल्या वर्षाला बीपी शिकवावे का?

आपण लिहिले आहे की, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींनी पहिल्या वर्षाच्या मुलींना रक्तदाब मोजायला शिकवावे असे आपल्या ट्यूटर मॅडमनी ठरवले असून पुढच्या आठवड्यात सहा जणींचा गट आपल्याकडे येणार आहे. आपल्यालाच धड येत नसताना आपल्या चुका त्यांच्या हातात उतरल्या तर काय, ही आपली भीती आहे. मी चोवीस वर्षे नर्सिंगची ट्यूटर होते आणि असे अनेक गट माझ्या देखरेखीखाली चालले. माझे मत असे की हे जरूर करावे. मात्र आपली भीती खरी आहे आणि ती धरूनच सारी आखणी करावी.

आधी आपल्या जमेची बाजू सांगते. पहिल्या वर्षाची मुलगी स्टेथो कानाला लावून "मॅडम, काहीच ऐकू येत नाही" म्हणायची, तेव्हा माझ्या तोंडून "नीट लक्ष देऊन ऐक" याखेरीज फारसे काही निघत नसे, कारण तो आवाज ऐकू न येणे म्हणजे काय हेच मी विसरून गेले होते. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मात्र पाहताक्षणी म्हणाली, "अगं, कानातली टोके उलटी बसलीत, ती नाकाच्या दिशेने वळव, आणि डायफ्रामवर बोटाने हलकेच टकटक कर, आवाज आला नाही तर चेस्टपीस फिरव." (चेस्टपीस म्हणजे स्टेथोचे अंगाला टेकवायचे टोक, डायफ्राम म्हणजे त्यावरचा पातळ पडदा.) ती स्वतः दोनच वर्षांपूर्वी तिथेच अडखळली होती. शिवाय आमच्याकडच्या बहुतेक मुली मराठी माध्यमातून आलेल्या असत आणि वर्गात इंग्रजीत ऐकलेले त्यांना ताईने मराठीत सांगितले की उमजे. ताईला विचारताना आपला प्रश्न बावळट ठरेल ही धास्तीही नसे. ही काही नवी युक्ती नव्हे. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयात अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला. वाळूत अक्षरे गिरवण्याची कल्पना त्याने तिथल्याच देशी शाळेत पाहून उचलली होती.

आता चुकीची गोष्ट. मी ज्या संस्थेत होते तिथे एका वर्षी पहिल्या वर्षाच्या नोंदवह्या तपासताना माझ्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक आकडा शून्यावर संपतो आहे: १२०/८०, ११०/७०, १३०/८०. मापकावरच्या खुणा पाऱ्याच्या २-२ मिलिमीटरच्या अंतराने असतात, म्हणजे ११८, १२४, १२६ असे आकडे यायलाच हवेत. प्रत्यक्ष उभे राहून पाहिले, तेव्हा कळले की कफ, म्हणजे दंडाला बांधून हवेने फुगवायचा पट्टा, भराभर सोडला जातो आहे आणि त्याआधी मनगटाची नाडी कोणीच पाहत नाही. थेट १८० पर्यंत फुगवायचे, वेळ वाचतो, असे त्यांना त्यांच्या ताईंनी सांगितले होते, ताईंना त्यांच्या ताईंनी, आणि अशा रीतीने ती चूक तीन तुकड्यांतून उतरत आली होती.

यात नुकसान काय, हे आपल्या गटाला अवश्य सांगा. उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत कोरोटकॉफचे आवाज, म्हणजे कफ सोडताना स्टेथोतून ऐकू येणारे धमनीचे ठोके, सुरू होऊन मध्येच थोडा वेळ बंद पडतात आणि पुन्हा सुरू होतात. समजा रुग्णाचा वरचा दाब २१० आहे आणि ही शांतता १९० पासून १६० पर्यंत आहे; तर १८० पर्यंतच फुगवणाऱ्या मुलीला पहिला आवाज १६० ला ऐकू येईल, ती तेवढाच लिहील आणि तिला आपली चूक झाल्याची शंकाही येणार नाही. म्हणून बोटांखालची नाडी नाहीशी होते तो आकडा पाहायचा, कफ पूर्ण सोडायचा, थोडे थांबून त्या आकड्याच्या ३० वर फुगवायचा आणि मग सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने सोडत ऐकायचे.

त्या प्रकाराचा दोष मी मुलींना दिला नाही. मी पहिल्या वर्षाच्या वह्या तपासत होते, तिसऱ्या वर्षाचे हात तपासत नव्हते. त्यानंतर मी एक नियम केला की जिला शिकवायचे आहे तिने आधी माझ्यासमोर दुहेरी स्टेथोने, म्हणजे एकाच चेस्टपीसला कानांच्या दोन जोड्या असलेल्या स्टेथोने, तीन वेगवेगळ्या व्यक्तींचा बीपी घ्यायचा. तिचा आणि माझा आकडा तिन्ही वेळा ४ मिलिमीटरच्या आत जुळला तरच तिच्याकडे गट द्यायचा. आपल्या मॅडमना याची विनंती करा. त्यात कमीपणा मुळीच नाही. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात "एक पाहा, एक करा, एक शिकवा" असे म्हणतात, ते ऐकायला झकास आहे, पण एकदा केलेले शिकवू नये असेच माझे मत आहे.

आणि फक्त बीपीच शिकवा. औषधांविषयी प्रश्न निघतील, "हा आकडा जास्त आहे का, मग काय द्यायचे" असे विचारले जाईल. ते मॅडमच्या तासाला. जे डोळ्यांनी पाहून व कानांनी ऐकून लगेच पडताळता येते तेवढेच एकमेकींकडून शिकणे सुरक्षित असते.

मुली एकमेकींच्याच दंडावर सराव करणार, तेव्हा आणखी एक गोष्ट जपावी. कोणाला नको असेल तर तिने कारण न सांगता नाही म्हणावे, आणि तिच्यावर आग्रह होऊ नये. कधी एखादीचा दाब खरोखरच जास्त निघतो. आमच्याकडे तसे घडले तेव्हा सगळ्या गटाने आकडा मोठ्याने वाचला आणि संध्याकाळपर्यंत तो पूर्ण वसतिगृहाला ठाऊक झाला. असे झाल्यास आपण पाच मिनिटे तिला टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवा, पुन्हा मोजा, आणि तरीही जास्त असेल तर तिला एकटीला सांगून मॅडमकडे घेऊन जा.

राहिला आपला शेवटचा प्रश्न: त्यांनी विचारलेले आपल्याला आले नाही तर? "मला येत नाही" असे सांगून प्रश्न वहीत लिहून घ्या. डायलिसिसच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने शीर व धमनी जोडलेल्या) हातावर बीपी घेत नाहीत हे एकदा माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी गटाला सांगत होती, तेव्हा पहिल्या वर्षाच्या एकीने विचारले, "ताई, दोन्ही हातांवर अडचण असेल तर?" ताईला माहीत नव्हते, तिने तसे सांगितले आणि वही माझ्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून मांडीचा मोठा कफ काढला, गुडघ्यामागची धमनी कुठे चाचपायची ते त्या दोघींना दाखवले आणि मांडीवरचा वरचा आकडा दंडापेक्षा सहसा जास्त येतो, म्हणून नोंदीत जागा लिहायलाच हवी, हे सांगितले. उरलेल्या पाच जणींना ते त्या दोघींनीच शिकवले.