रेडिएशन झालं, मग आता इम्युनोथेरपी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मोठ्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, स्टेज ३, ऑपरेशन होणार नाही म्हणाले. केमो आणि रेडिएशन सोबतच झालं, गाठ बरीच लहान झालीये. आता वर्षभर डुरव्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घ्या म्हणतात. गाठ कमी झाली तर परत हे कशाला? आणि द्यायचंच होतं तर रेडिएशनसोबतच का नाही दिलं, आमचा वेळ वाया गेला का?

उत्तर: ताई, वेळ अजिबात वाया गेलेला नाही, क्रम बरोबर आहे. स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली तरी बारीक पेशी कुठेतरी उरलेल्या असू शकतात, खरी भीती त्यांचीच. रेडिएशनने कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे तुकडे बाहेर पडतात आणि त्यावरून आपल्या टी सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हा शत्रू ओळखायला शिकतात, पण कॅन्सरची पेशी पीडी-एल१ नावाचं प्रोटीन पुढे करून त्यांना थंड पाडते, हे औषध नेमका तोच ब्रेक काढतं. पॅसिफिक नावाच्या ट्रायलमध्ये ७१३ पेशंट होते, केमो-रेडिएशननंतर हे औषध घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांनी शंभरातले साधारण ४३ जण हयात होते, न घेणाऱ्यांत ३३. हा फरक मला तरी छोटा वाटत नाही.

सोबत द्यायचंही करून बघितलंय, पॅसिफिक-२ मध्ये, फायदा दिसला नाही. रेडिएशनमध्ये लढणाऱ्या लिम्फोसाइट्सही (टी सेल्स त्यातल्याच) मरतात, ते एक कारण असावं. पण हा सगळ्याच कॅन्सरचा नियम नाही हं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे दुसरं इम्युनोथेरपीचं औषध केमो-रेडिएशनसोबतच सुरू करून फायदा झालाय.

आता जास्त महत्त्वाचं. रेडिएशननेही फुफ्फुसाला सूज येते आणि या औषधानेही येऊ शकते. नवा कोरडा खोकला, जिना चढताना आधीपेक्षा जास्त दम, बारीक ताप, असं काही वाटलं तर घरी कफ सिरप देत बसू नका, पुढच्या डोसची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. लवकर कळलं तर बहुतेकदा औषध थांबवून स्टेरॉइडने आटोक्यात येतं.

आणि औषध सुरू करायच्या आधी बायोप्सीचा ईजीएफआर आणि एएलके (कॅन्सरच्या पेशीतल्या या दोन जनुकांत बदल आहे का) रिपोर्ट आलाय का ते विचाराच. ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल तर या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ओसिमर्टिनिबची गोळी जास्त चांगली ठरलीये. पॅसिफिक ट्रायलमध्ये पहिला डोस रेडिएशन संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत दिला होता, त्यामुळे रिपोर्टचं याच आठवड्यात विचारून घ्या.