गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा तोंडावर आला की एसीच्या खर्चाची पत्रं वाढतात. त्यातल्या पाचांची ही उत्तरं. मुंबईतले दर बाहेरच्या मेकॅनिकचे आणि ढोबळ आहेत. कंपनीचा माणूस बोलावलात तर जास्त धरा.

प्र. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, चार वर्षांचा. दर एप्रिलला गारवा कमी होतो, मेकॅनिक गॅस भरतो, ३,००० रुपये घेतो. यंदा तिसरी खेप. गॅस हलक्या प्रतीचा असेल का? — वाचक, वर्सोवा

उ. दोष गॅसच्या प्रतीत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो आणि नळी शाबूत असेल तर दहा वर्षंही पुरतो. तुमचा एसी कुठून तरी गळतोय, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस पुढच्या एप्रिलपर्यंत त्याच वाटेने जाणार.

आधी स्वतः पाहा. मेन स्विच बंद करा, इनडोअरचं (घरातल्या भागाचं) झाकण उघडून फिल्टर काढा आणि कॉईलच्या (गारवा देणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीच्या) कडेला, तांब्याच्या नळ्या वळतात तिथे टॉर्च मारा. नळी काळी पडली असेल आणि एखाद्या वळणावर धूळ तेलकट होऊन चिकटली असेल, तर गळती बहुधा तिथेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडंथोडं बाहेर येतं, त्याचा तो डाग. असाच डाग आऊटडोअरच्या (बाहेरच्या भागाच्या) फ्लेअर नटांवर, म्हणजे नळी जोडणाऱ्या नटांवर सापडला तर स्वस्तात सुटलात: नळीचं पसरट तोंड (फ्लेअर) नव्याने करून नट घट्ट बसवला की झालं. पण त्यासाठी खिडकीबाहेर वाकू नका, ते मेकॅनिकला पाहू द्या.

मुंबईत कॉईल लवकर जाण्याची कारणं हवेतच आहेत. खारी हवा आऊटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाते. नाल्याच्या वासातला हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो. शिवाय नवं प्लायवूड, त्याचा गोंद, काही क्लीनर यांच्या वाफेतून ओलाव्यात सौम्य आम्लं तयार होतात आणि ती तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक बिळं पाडतात. अशा कॉईलला एका जागी ब्रेझिंग (मेकॅनिक त्याला वेल्डिंगच म्हणतात) केलं की काही महिन्यांत दुसरी जागा फुटते. तिथे डागडुजीवर पैसे घालवू नका. कॉईल बदला, गॅससकट ८,००० ते १२,००० रुपये लागतील. त्याआधी वॉरंटी कार्ड काढून पाहा, काही कंपन्या कॉईलवरही पाच वर्षं देतात.

मेकॅनिक काय करतो यावर नजर ठेवा. यंत्रणेत नायट्रोजन भरून (दाब साधारण ३५० ते ४०० पीएसआय) प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि गेजचा काटा किमान अर्धा तास हलत नाही ना, हे पाहायचं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन किंवा साध्या हवेचा दाब देऊ लागला तर तिथेच थांबवा, आतल्या तेलामुळे स्फोट होऊ शकतो. गळती बंद झाली की पंप लावून अर्धा तास तरी व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ हे चालवून घेऊ नका. ओलावा आत राहिला की तेल खराब होतं आणि पुढे कॉम्प्रेसर जातो. शेवटी गॅस वजनकाट्यावर. किती भरायचा ते आऊटडोअरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. दीड टनाच्या आर-३२ (गॅसचा प्रकार) मशीनला बहुधा ७०० ते १,००० ग्रॅम. एवढ्या गॅसची स्वतःची किंमत फार नाही. तीन हजार द्यायचे ते शोधाशोध आणि व्हॅक्यूमचे, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसत नाही.

प्र. मुलगा शिकागोला असतो. त्याच्या घरच्या एसीत गॅस कमी म्हणून १,४०० डॉलर सांगितले. तिकडे एसी चालतो जेमतेम चार महिने! लुबाडतात का? — वाचक, दादर

उ. आकडा मोठा आहे, पण तुलना आपल्या स्प्लिटशी करू नका. तिथे अख्ख्या घराला एक सेंट्रल यंत्र असतं. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या फर्नेसच्या वरच एसीची कॉईल बसवलेली असते, आणि डक्ट व पंखा दोघांना एकच. तीन टनांच्या यंत्रात सात ते दहा पौंड, म्हणजे तीन ते साडेचार किलो गॅस मावतो. गॅस हाताळणाऱ्याकडे तिथल्या हवा-प्रदूषणाच्या कायद्याच्या (क्लीन एअर ॲक्ट) कलम ६०८ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि तपासणीला माणूस दारात आला की शंभर-दोनशे डॉलर तिथेच गेले. त्यात तिथल्या जुन्या यंत्रांतल्या आर-४१०ए गॅसचं उत्पादन २०२० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने कमी केलं जातंय, त्यामुळे तो महाग झालाय. १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांत आर-४५४बी किंवा आर-३२ येतो, पण तो जुन्या यंत्रात भरता येत नाही.

मुलाला एकच विचारायला सांगा: या १,४०० मध्ये गळती शोधून बंद करणं आहे का? असेल तर दर तिथल्या मानाने अवाच्या सवा नाही. नुसता गॅस असेल तर वर्सोव्याच्या वाचकांचीच गोष्ट डॉलरमध्ये. आणखी एक, एप्रिलच्या थंडीत ‘चालतोय का बघू’ म्हणून एसी सुरू करू नये. बाहेर १५-१६ अंशांच्या खाली असताना द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो बिघडू शकतो. मेमध्ये, उकाड्याची गर्दी सुरू होण्याआधी तपासणी करून घ्यावी.

प्र. साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी. पंखा चालतो, गारवा नाही. कॉम्प्रेसर गेला, १४,००० लागतील म्हणतात. — वाचक, मालाड

उ. कॉम्प्रेसरला मूठमाती देण्याआधी कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू करायला मदत करणारी, वीज साठवणारी डबी) तपासून घ्या. आऊटडोअरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊन काही सेकंदांत ‘टिक’ होऊन बंद पडत असेल, तर संशयित तोच. दीड टनाला बहुधा ४५ किंवा ५० मायक्रोफॅरॅडचा असतो. मीटरवर छापील आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त घट दिसली, किंवा डबी फुगलेली दिसली, की बदलायचा. मजुरीसकट पाचशे ते आठशे रुपये. स्वतः हात घालू नका, स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

कपॅसिटर ठीक निघाला तर कॉम्प्रेसरच्या सी, आर, एस (कॉमन, रन, स्टार्ट) या तीन टोकांमधला रोध मोजायला सांगा. सी-आर आणि सी-एसची बेरीज आर-एसइतकी यायला हवी, आणि कोणतंही टोक बॉडीशी जुळलेलं नसावं. कॉम्प्रेसर तापलेला असेल तर आतला ओव्हरलोड (फार तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उघडून मीटर चुकीचं सांगतो. तास-दोन तास गार होऊ द्या. ही मोजणी न करता ‘गेला’ म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या.

इन्व्हर्टर एसीत हा कपॅसिटर नसतो. तिथे पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) जातो, आणि कारण कधी कधी आऊटडोअरमध्ये शिरलेली पाल असते.

प्र. पावसाळ्यात इनडोअरमधून पाणी गळतं. — वाचक, परळ

उ. ड्रेन पाईप शेवाळाने तुंबलाय किंवा त्याला उतार नाही. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी काढतो, ते जाणार कुठे? जेट सर्व्हिस (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं) करून घ्या, ५०० ते ८०० रुपये. कॉईलवर बर्फ दिसला तर मात्र फिल्टर जाम आहे किंवा गॅस कमी.

प्र. आर-२२ गॅसचा अकरा वर्षांचा एसी, कॉईल गळते. मेकॅनिक म्हणतो आर-३२ भरू, स्वस्तात होईल. — वाचक, चेंबूर

उ. अजिबात नको. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो आणि तो पेट घेऊ शकतो. तुमचं यंत्र त्यासाठी बनलेलं नाही. दुरुस्तीसाठी आर-२२ अजून मिळतो, पण अकरा वर्षांच्या मशीनला दहा हजारांची कॉईल लावण्यात मतलब नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवा घ्या आणि जुना देताना घासाघीस करा. आत तांबं आहे.