प्रॉक्सीमागून वेबसॉकेट कसं जोडायचं? एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावूनही टाइमआउट येतोय

तुमचा नोडमधला (म्हणजे नोड.जेएस) वेबसॉकेटचा, म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी करणारा कोड थेट नेटवर चालतो आणि प्रॉक्सीमागे (नेटची वाहतूक ज्यातून जाते त्या मधल्या सर्व्हरमागे) गेला की अडकतो. 'एचटीटीपीएस_प्रॉक्सी' व्हेरिएबल लावूनही फरक पडत नाही, कारण नोडसाठीचं 'डब्ल्यूएस' हे वेबसॉकेट पॅकेज ते व्हेरिएबल बघतच नाही. ते सरळ सर्व्हरकडे धाव घेतं, फायरवॉल पॅकेट गिळते आणि तुम्हाला दिसतो फक्त टाइमआउट.

उपाय दोन ओळींचा आहे. 'एचटीटीपीएस-प्रॉक्सी-एजंट' पॅकेज बसवा, प्रॉक्सीचा पत्ता देऊन त्याचा ऑब्जेक्ट बनवा आणि वेबसॉकेट उघडताना ऑप्शन्समध्ये 'एजंट' म्हणून तो द्या. सॉक्स प्रॉक्सी असेल तर 'सॉक्स-प्रॉक्सी-एजंट'. मात्र नोड २२ मध्ये आयता मिळणारा ग्लोबल वेबसॉकेट वापरत असाल तर त्याला एजंट कळत नाही. त्याला 'उंडिची' (नोडची एचटीटीपी लायब्ररी) हिचा प्रॉक्सी-एजंट 'डिस्पॅचर' या ऑप्शनमध्ये द्यावा लागतो. या दोघांची गल्लत फार होते. ब्राउझरमधल्या कोडला तर प्रॉक्सी सांगायची सोयच नाही, तिथे ब्राउझरची किंवा सिस्टिमची सेटिंग चालते.

आत काय घडतं ते कळलं की एरर वाचता येतात. क्लायंट आधी प्रॉक्सीशी टीसीपी जोडणी करतो आणि 'कनेक्ट' मेथडने सर्व्हरचं नाव व पोर्ट पाठवतो. प्रॉक्सीने २०० (म्हणजे 'ठीक') हा स्टेटस कोड दिला की बोगदा तयार. मग त्या बोगद्यातून खऱ्या सर्व्हरशी टीएलएस हँडशेक (एन्क्रिप्शनची बोलणी), त्यानंतर 'अपग्रेड' हेडर असलेली गेट रिक्वेस्ट, आणि सर्व्हरकडून १०१ (म्हणजे 'वेबसॉकेटवर आलो'). म्हणजे २०० प्रॉक्सीचा, १०१ सर्व्हरचा. हे सगळं हाताने लिहिणार असाल तर प्रॉक्सीचं उत्तर रिकाम्या ओळीपर्यंत पूर्ण वाचा, एका रीडमध्ये सगळं येईल असं धरू नका.

४०७ आला तर प्रॉक्सीला युजरनेम-पासवर्ड हवाय. तो 'प्रॉक्सी-ऑथोरायझेशन' हेडरमध्ये, आणि फक्त कनेक्टच्या वेळी जायला हवा. वेबसॉकेटच्या हेडरमध्ये घातलात तर प्रॉक्सीला तो दिसणारच नाही, उलट पासवर्ड सर्व्हरच्या हाती पडेल. पत्त्यातच पासवर्ड लिहित असाल तर त्यातलं ॲट चिन्ह %४० आणि हॅश %२३ असं एन्कोड करा (कोडमध्ये अर्थात इंग्रजी अंक). एक फसवी गोष्ट: 'डब्ल्यूएस' पॅकेज अशा वेळी 'अनएक्स्पेक्टेड सर्व्हर रिस्पॉन्स' म्हणतं, पण ४०७ हा प्रॉक्सीचाच असतो. ४०३ मात्र दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, म्हणून सर्व्हरचे लॉग तपासा. तिथे रिक्वेस्ट पोचलेलीच नसेल तर नकार प्रॉक्सीचा.

'राँग व्हर्जन नंबर' अशी टीएलएसची एरर आली तर बहुतेक वेळा प्रॉक्सीच्या पत्त्यापुढे एचटीटीपीएस लिहिलेलं असतं. सर्व्हर सुरक्षित आहे म्हणून लोक तसं लिहितात. पण तो भाग प्रॉक्सीशी कसं बोलायचं ते सांगतो, आणि बहुतेक प्रॉक्सी साध्या एचटीटीपीवरच ऐकतात.

शक्यतो पत्ता 'डब्ल्यूएसएस'चाच (टीएलएसवरचं वेबसॉकेट) वापरा, म्हणजे पोर्ट ४४३. स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ४४३ सोडून इतर पोर्टवर कनेक्टला मनाई असते, त्यामुळे पोर्ट ८० वरचा साधा, टीएलएस नसलेला 'डब्ल्यूएस' पत्ता तिथेच अडतो. सर्टिफिकेटची तक्रार आली तर प्रॉक्सी मध्ये बसून टीएलएस उघडून बघत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा पर्याय कृपया लावू नका. नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून रूट सर्टिफिकेट घ्या आणि 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स' व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा पाथ द्या.

पायथनमध्ये 'वेबसॉकेट्स' लायब्ररी आवृत्ती १५ पासून सिस्टिमची प्रॉक्सी आपणहून उचलते. नको असेल तर 'प्रॉक्सी'ला 'नन' द्या. गो भाषेतल्या 'गोरिला' या वेबसॉकेट लायब्ररीचा डीफॉल्ट डायलरही (जोडणी करणारा ऑब्जेक्ट) व्हेरिएबल वाचतो, पण स्वतःचा डायलर बनवलात तर 'प्रॉक्सी' फील्ड आठवणीने भरा.

जोडणी झाली आणि मिनिटभर शांतता राहिल्यावर तुटली, तर बहुधा प्रॉक्सी निष्क्रिय बोगदे बंद करतेय. दर २०-३० सेकंदांनी पिंग (जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश) पाठवा. 'डब्ल्यूएस' पॅकेज स्वतःहून पिंग करत नाही, तो टायमर तुम्हालाच लावावा लागेल, आणि जोडणी बंद झाली की काढायलाही विसरू नका.