व्याजदर चढवणाऱ्याला नेमले कोणी?

प्रश्न : मासुंदा तलावाभोवती रोज सकाळी फिरायला जाणारा आमचा निवृत्तांचा गट आहे. अमेरिकेचा विषय निघाला की आमच्यातले एक माजी बँक अधिकारी ठासून सांगतात, ‘कार्टर भला, पण दुबळा होता. रेगन आला, त्याने कर उतरवले आणि महागाई पळाली.’ हे कितपत खरे मानावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या मित्रांच्या विधानाचा पहिला भाग मताचा आहे आणि त्यावर आणखी दहा फेऱ्या मारून वाद घालता येईल, दुसरा भाग मात्र तारखांशी ताडून पाहता येतो आणि तिथे तो लंगडा पडतो.

अमेरिकेत १९८० साली ग्राहक किमती सरासरी १३.५ टक्क्यांनी वाढल्या होत्या, तर १९८३ मध्ये ही वाढ ३.२ टक्क्यांवर आली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जानेवारी १९८१ मध्ये पायउतार झाल्यामुळे हे श्रेय आपोआप त्यांच्या जागी आलेल्या रोनाल्ड रेगन यांच्या खात्यात जमा होते. परंतु महागाई मुख्यतः उतरवली ती चढ्या व्याजदरांनी, करकपातीने नव्हे. आणि ते दर चढवणारे पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदी ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनीच बसवले होते. १९८१ मध्ये बँकांनी एकमेकांना रात्रीपुरते द्यायच्या पैशाचा दरही २० टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. घरे विकली जाईनात, तेव्हा तिथले बांधकाम व्यावसायिक लाकडाच्या तुकड्यांवर निषेध लिहून ते टपालाने व्होल्कर यांच्याकडे पाठवू लागले, आणि मोटार विक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या धाडल्या. (घोडबंदर रस्त्यावर घराचे हप्ते फेडणाऱ्यांना तो दर नुसता ऐकूनही घाम फुटेल.) १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. या काळात रेगन यांनी व्होल्कर यांना मोडीत काढले नाही, उलट १९८३ मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक केली. माझ्या मते महागाईच्या बाबतीत रेगन यांचे खरे श्रेय एवढेच, पण ते लहान नाही.

करांबद्दल आपले मित्र अर्धे बरोबर आहेत. व्यक्तिगत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९८१ च्या कायद्याने ७० वरून ५० टक्क्यांवर आणि १९८६ च्या कायद्याने पुढे २८ टक्क्यांवर आला, हे खरे. पण तूट फुगू लागताच १९८२ मध्ये रेगन यांनीच करवाढीच्या कायद्यावर सही केली, हे सहसा सांगितले जात नाही. तसेच सरकारी नियंत्रणे उठवण्याचे काम रेगन यांच्या नावावर सांगितले जाते, तरी विमान वाहतुकीवरची बंधने १९७८ मध्ये आणि मालमोटारी व रेल्वेवरची १९८० मध्ये सैल झाली, ती कार्टर यांच्या सहीने.

नेतृत्वाच्या पद्धतीत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. अणुपाणबुडी प्रकल्पावर काम केलेले कार्टर तपशिलात बुडून जात. फेब्रुवारी १९७७ मध्ये लोकरी स्वेटर घालून ते दूरचित्रवाणीवर आले आणि ऐन थंडीत घरातले तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम १८ अंश सेल्सिअसवर, ठेवा असे त्यांनी देशाला सांगितले. वाशीतल्या एखाद्या कार्यालयात एसी तेवढ्यावर लावला तर आपण शाल शोधतो! सल्ला रास्त होता. पण काय सोडावे लागेल हे ऐकायला लोक एकदाच तयार असतात. जुलै १९७९ मध्ये देशाच्या ढासळत्या आत्मविश्वासावर त्यांनी केलेले भाषण आधी लोकांना आवडलेही, परंतु दोनच दिवसांनी त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि सरकारच गोंधळलेले दिसू लागले. पूर्वीचे अभिनेते असलेल्या रेगन यांनी तपशील सहकाऱ्यांवर सोपवले आणि मतदारांना एकच प्रश्न विचारला : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? १९८० मध्ये ५० पैकी ४४ राज्ये त्यांच्या पदरात पडली. पुढच्याच ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना त्यांनी कामावरून काढले. गिरणी संप पाहिलेल्या आपल्या पिढीला त्या कणखरपणाची किंमत कोण मोजतो, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिला कर्जाचा रकाना. रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकी केंद्र सरकारचे कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. आपल्या बँकवाल्या मित्रांना उद्याच्या फेरीत एवढा आकडा सांगावा. त्यानंतरही ते रेगन यांच्याच बाजूने राहिले, तर माझी हरकत नाही.