सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी रान किती दिवस तापू द्यावं?

प्रश्न वाचला आणि आमचे भावजीच डोळ्यांपुढं आले. तापू द्यायला रान म्हणजे काय तवा आहे? कोरडवाहू असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.

आमचं रान लातूरच्या औसा तालुक्यात, काळं, भारी. वाटणी झाल्यापासून भावजींचं न् आमचं बांधाला बांध. २०२३ साली ऑगस्ट पार कोरडा गेला, शेंगा पोचट राहिल्या, परतीचा पाऊसही म्हणावा तसा आला नाही. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, हलला नाही तोच भावजींनी ट्रॅक्टर लावून नांगरट सुरू केली. मी बांधावरूनच म्हटलं, "भावजी, होती नव्हती ती ओल वर काढताय." तर म्हणे, "वैनी, मोबाईल बघून शेती होत नसती. रान तापल्याबिगर मर जात नाही." मर म्हणजे झाडं उभीच्या उभी वाळतात तो रोग. बघता बघता ढेकळं अशी वाळली की ठेच लागली तर अंगठा फुटावा. मी नुसती वखराची एक वरवरची पाळी घातली आणि मागोमाग पेरून घेतलं. वरची माती सारली की खालच्या मातीची मूठ वळत होती. बी त्या ओलीत पडेल एवढं खोल सोडलं. आमच्या ओळी बांधावरून मोजता येत होत्या, पलीकडं ढेकळाआड कुठंतरी एखादा कोंब. तरी गावात काय सांगितलं? वैनीला बियाणं चांगलं लागलं! अहो, दोघांचंही विजय वाणच, एकाच दुकानातलं.

तारखा म्हणाल तर कोरडवाहूला सप्टेंबर अखेर ते १० ऑक्टोबर. पाणी असेल तर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, तिथं बी ५ सेंमीवर पुरे. सोयाबीनच उशिरा निघत असेल तर कमी दिवसांचं वाण जूनमध्येच बघायला हवं होतं.

हां, उन्हाच्या कडाक्यात लवकर पेरलं की मर वाढते, एवढं भावजींचं खरं. पण त्यावर उपाय ऑक्टोबरातला नांगर नव्हे. बियाण्याला किलोमागं ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) चोळा आणि मर लागलेल्या रानात लगेच पुन्हा हरभरा घेऊ नका. खोल नांगरट करायची तर उन्हाळ्यात करा, तेव्हा काय तापायचं ते तापू द्या. तुमचं रान हलकं, मुरमाड असेल तर मात्र माझं काही धरू नका, मी तसलं रान केलेलं नाही.

भावजींनी यंदाही ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय म्हणे.